एका डिस्कमध्ये न मावणारे लग्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता आणि २००५ ते २०११ या काळात तिथल्या मागच्या खोलीत बसून मी लग्ने डिस्कवर उतरवण्याचे काम करत असे. मामा आणि त्याचा मदतनीस शूटिंग करून आणत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर चार-पाच मिनी डीव्ही कॅसेटा येऊन पडत. त्यांतून घरच्यांनी आठ-दहा वेळा पाहावे असे लग्न कापून-जोडून तयार करायचे, नावे टाकायची, संगीत भरायचे आणि शेवटी ते सगळे एका गोल, चकाकत्या तबकडीत बसवायचे. गिऱ्हाईक तिला सीडीच म्हणत असे. ती डीव्हीडी आहे हे आम्ही कधी कोणाला समजावत बसलो नाही. त्यांचा प्रश्न मात्र दर वेळी एकच असे: “एकात बसंल न्हवं सगळं?”

सगळे एकात बसवायचे, हा आग्रह मला आजही चुकीचा वाटत नाही. शोकेसमध्ये एक डबी असावी, तिच्यावर नवरा-नवरीचा फोटो असावा, पाहुणे आले की ती काढून लावावी, यात एक पुरेपण आहे. अडचण होती ती लग्नाच्या लांबीची. आमच्याकडे हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, होम, पंगती, पाठवणी आणि रात्रीची वरात इतके सगळे मिळून कितीही कापले तरी तीन तासांच्या खाली येत नसे. ज्या लग्नाविषयी मला लिहायचे आहे, ते तीन तास दहा मिनिटांचे होते.

कॅसेटवरचे चित्र फार जागा खाते. मिनी डीव्हीवर दर सेकंदाला चित्राचेच सुमारे अडीच कोटी बिट, म्हणजे संगणकी नोंदीचे सर्वांत लहान कण, नोंदले जातात, त्यामुळे एका तासाची कॅसेट संगणकात उतरवली की ती १३ जीबी होऊन बसते. तेव्हा आमच्या संगणकाची हार्ड डिस्क ८० जीबीची होती, म्हणजे एका लग्नाच्या चार कॅसेटांतच ती निम्म्याहून अधिक भरत असे. आणि ज्या डिस्कवर हे सगळे जायचे, तिच्यावर ४.७ जीबी असे छापलेले असले तरी संगणक ती ४.३७ जीबीचीच दाखवत असे. दुकानदाराने फसवले असे पहिल्या महिन्यात मला वाटले होते. पण डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. डिस्कमध्ये खरोखरच ४७० कोटी बाइट मावतात. त्या दोन मापांच्या मधल्या फटीत माझ्या सुरुवातीच्या कितीतरी फायली अडकल्या. फाइल ४.५ जीबीची दिसते आहे, म्हणजे ४.७ मध्ये सहज जाईल, असे धरून चालायचो, आणि रात्रभर चाललेले काम सकाळी ‘जागा पुरेशी नाही’ असे सांगून थांबलेले असे.

मग मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला शिकलो, आणि तो हिशेब पाठ झाल्यापासून या कामातली भीती गेली. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ४७० कोटी बाइट म्हणजे ३,७६० कोटी बिट. त्यांना लग्नाच्या एकूण सेकंदांनी भागायचे. तासाभराचे बारसे असेल तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला एक कोटीहून अधिक बिट येतात, म्हणजे डीव्हीडीच्या नियमात चित्राला जास्तीत जास्त जे ९८ लाख देता येतात, तेही देता यावेत एवढी ऐसपैस जागा. दोन तासांचा कार्यक्रम असेल तर ५२ लाख, म्हणजे नीट संसार होईल इतके. पण तीन तास दहा मिनिटांचे ११,४०० सेकंद होतात आणि प्रत्येकाच्या पदरात जेमतेम ३३ लाख पडतात. त्यातूनच आवाजही भागवायचा. आवाज मूळ रूपात, काहीही न दाबता ठेवला तर तो एकटाच १५ लाखांहून अधिक बिट घेऊन जातो, म्हणजे चित्राच्या तोंडचा निम्मा घास तोच खातो. हे लक्षात आल्यावर मी आवाज डॉल्बीच्या दाबलेल्या स्वरूपात १ लाख ९२ हजारांवर आणला. सनई आणि हलगी घरच्या टीव्हीच्या स्पीकरमधून ऐकताना त्यात फरक करणारा माणूस मला भेटला नाही.

त्या लग्नाच्या वेळी मात्र मी हिशेब सोडून सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवला होता. ‘डिस्कमध्ये बसवा’ अशा अर्थाचे एक बटण त्यात होते. ते दाबले की सॉफ्टवेअर तेहतीस लाखांचा समान वाटा प्रत्येक सेकंदाला देऊन मोकळे होत असे. साल २००६ होते आणि भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याची वेळ ठरलेली असली तरी ती पाळली जाईलच असे नसे, आणि डिस्क बर्न होत असताना वीज गेली तर ती डिस्क कायमची वाया जात असे. म्हणून असली लांब कामे आम्ही रात्री अकरानंतर लावत असू. सकाळी डिस्क तयार होती. मामाने ती गिऱ्हाइकाला देण्याआधी स्टुडिओतल्या टीव्हीवर लावली, कारण न पाहता काम हातावेगळे करायचे नाही ही त्याची शिस्त होती. हळद चांगली दिसली. सीमांतपूजन चांगले दिसले. मंगलाष्टके संपत आली, भटजींनी शेवटचे ‘सावधान’ म्हटले, अंतरपाट खाली आला, आणि त्याच क्षणी सगळे चित्र फुटले. हवेतल्या गुलाबी-पिवळ्या अक्षतांच्या जागी मळकट चौकोन थरथरत होते, नवरीच्या मुंडावळ्यांच्या आसपास तिचा चेहरा फरशीच्या तुकड्यांनी जोडल्यासारखा दिसत होता, आणि बारा-पंधरा सेकंदांनी अक्षता संपल्यावर चित्र पुन्हा निवळले. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ह्यात अक्षता कुठं हाईत?”

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला ते तंत्र मुळापासून समजून घ्यावे लागले. डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने लिहिलेले असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात, पण ती सगळी पूर्ण लिहिली जात नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहायचे आणि मधल्या चित्रांत आधीच्या किंवा पुढच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच नोंदवायचे, अशी ती काटकसर आहे. मागची भिंत बदलली नाही, तर तिच्याविषयी पुन्हा काही लिहायची गरज नाही. माणूस डावीकडून उजवीकडे सरकला, तर तोच तुकडा इतका सरकला एवढे सांगितले की झाले. म्हणून भटजी बसून मंत्र म्हणत आहेत तोवर ३३ लाख बिटही पुरून उरतात. पण दोन-तीनशे माणसे एकाच वेळी मुठी उघडतात, तेव्हा हजारो दाणे हजार दिशांना जातात, मागचे काहीच पुढच्या चित्रात जागेवर सापडत नाही आणि जवळजवळ प्रत्येक चित्र नव्याने लिहायची वेळ येते. वाटा मात्र तेवढाच असतो. मग एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लिहिणारे सॉफ्टवेअर, आठ बाय आठ ठिपक्यांच्या छोट्या चौकोनांत चित्र मांडते, त्या चौकोनांमधला बारीक तपशील टाकून देते आणि ढोबळ रंग तेवढा ठेवते. आम्हाला दिसलेले चौकोन ते हेच.

या गोष्टीने मी फार अस्वस्थ झालो, आणि त्याचे कारण केवळ माझी चूक हे नव्हते. तीन तासांच्या त्या चित्रफितीत घरच्यांना पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणारा क्षण नेमका तोच होता, आणि समान वाटपात सर्वांत जास्त नुकसान त्याचेच झाले होते. होमाच्या धुराचेही असेच होते. वरातीत हलगीवर नाचणाऱ्या पोरांचेही तसेच होते. खासबागेतल्या मैदानातली कुस्ती मी एकदा अशीच दाबली, तेव्हा उधळलेली तांबडी माती आणि मागची गर्दी मिळून एकच चिखल झाला होता. जिथे जीव ओतून काही घडते तिथेच बिट कमी पडतात, आणि मंडप रिकामा असताना ते भरपूर असतात.

त्यावरचा उपाय दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत एन्कोडर काहीच लिहीत नाही, तो सगळे लग्न एकदा पाहतो आणि कुठे किती अवघड आहे याची नोंद करतो. दुसऱ्या फेरीत तो त्या नोंदीप्रमाणे वाटप करतो, म्हणजे एकूण बिट तेवढेच, पण पंगतीतल्या स्थिर दृश्याला १५ लाख आणि अक्षतांच्या वीस सेकंदांना ८० लाख. वरची मर्यादा मी ८० लाखांच्या पुढे नेत नसे, कारण घरी बर्न केलेल्या डिस्कवर त्याहून जास्त वेग आला की जुने प्लेअर अडखळत. वेळ दुप्पट लागत असे, पण ज्याला हे काम नीट करायचे आहे त्याने एका फेरीवर कधी भागवू नये असे माझे ठाम मत आहे.

या शोधाने शूटिंगकडे पाहण्याची मामाची पद्धतही बदलली. अंधाऱ्या मंडपात कॅमेऱ्याने उजेड ओढून घेतला की चित्रात बारीक दाणे हलू लागतात. डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत, पण एन्कोडरला प्रत्येक दाणा म्हणजे हालचाल वाटते आणि तो त्यावर बिट उधळत बसतो. म्हणून मामा एक दिवा जास्त लावू लागला आणि तिपाईवरून शूटिंग वाढवले. मीही पान उलटल्यासारखे किंवा गुलाबाच्या पाकळ्या पडद्यावरून वाहिल्यासारखे इफेक्ट टाकणे जवळपास बंद केले. गिऱ्हाइकांना ते आवडत, हे खरे आहे. पण उसन्या पाकळ्यांवर खर्च झालेले बिट खऱ्या अक्षतांकडून घेतलेले असतात, हे कळल्यावर माझा हात तिकडे वळेना.

चित्राची रुंदी निम्मी करून ३५२ बाय ५७६ ठेवण्याचाही एक मार्ग डीव्हीडीच्या नियमात आहे. तीस लाखांच्या खाली उतरायची वेळ आली तर तो फुटलेल्या चित्रापेक्षा बरा, कारण चित्र मऊ पडते पण त्याचे तुकडे होत नाहीत. ८.५ जीबीची डबल लेयर डिस्कही तोवर आली होती. पण ती महाग पडे, अनेक घरांतले प्लेअर ती घेत नसत, आणि घेतली तरी एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना चित्र क्षणभर थबकत असे.

त्या लग्नासाठी मी दोन फेऱ्यांनी पुन्हा एकदा एकच डिस्क केली. अक्षता दिसू लागल्या. पण मामाला टीव्हीजवळ बसवून मी दोन्ही प्रती शेजारी शेजारी दाखवल्या, तेव्हा त्याने हळदीच्या दृश्यावर बोट ठेवले. जात्याशी बसलेल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ, जे पहिल्या प्रतीत स्पष्ट होते, ते आता नुसत्या रंगीत पट्ट्या झाले होते. अक्षतांना दिलेले बिट त्या काठांतूनच आले होते. वाटप शहाणपणाने केले तरी मूळ रक्कम वाढत नाही. तेव्हा आम्ही दोन डिस्क करायचे ठरवले. ९५-९५ मिनिटांचे दोन भाग केले की प्रत्येक सेकंदाला ६६ लाख मिळतात, आणि मग काठही राहतात आणि अक्षताही.

दोन करायचे म्हटल्यावर तोडायचे कुठे, हा प्रश्न आला, आणि या कामातला सर्वांत मोलाचा प्रश्न मला हाच वाटतो. मी अजाणतेपणी बरोबर मध्यावर, ९५व्या मिनिटाला तोडले होते, आणि ते मंगलाष्टकांच्या मध्ये आले होते. मामाचा एक मित्र शहरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता आणि संध्याकाळी चहाला येत असे. त्याने ते पाहिले आणि त्याला वाईट वाटले. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, ते संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका येतो आणि ऑपरेटर दुसरे प्रोजेक्टर सुरू करतो, पण रीळ कुठे संपवायचे हे चांगला संकलक विचार करून ठरवतो, गाण्याच्या ओळीत कधी तोडत नाही, असे तो सांगत राहिला. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला आणि जिथे १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना झाली, त्या गावात ही समज एका टॉकीजच्या केबिनमधूनही माझ्यापर्यंत पोहोचली, याचे मला अप्रूप आहे. आम्ही तोड अलीकडे आणली. सीमांतपूजन संपले, मंडपात लोक जमू लागले, तिथे पहिली डिस्क संपवली, आणि दुसरी अंतरपाट धरण्यापासून सुरू केली. पहिला भाग लहान झाला, दुसरा मोठा झाला, बिटांचा समतोल थोडा बिघडला. पण ज्याला फक्त लग्न लागतानाचे पाहायचे आहे, त्याला दुसरी डिस्क लावली की पुरे.

गिऱ्हाइकाने “दोन कशाला?” असे विचारलेच. मामाने त्यांना दोन्ही प्रतींमधल्या अक्षता दाखवल्या, त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

माझ्याकडून एक गोष्ट मात्र तेव्हा नीट झाली नाही आणि ती मला फार उशिरा कळली. बर्न होताना डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरच्या कडेला शाईसारखा रंगथर सारखा बसलेला असेलच असे नाही, तिथेच बोटे लागतात आणि तिथेच डिस्क जास्त डुगडुगते. म्हणून शेवटची कड मोकळी सोडावी, पाच-सहा टक्के जागा वापरूच नये, हे या क्षेत्रातले जुने लोक सांगत. दुसरा भाग मोठा झाल्यामुळे मी ती डिस्क काठोकाठ भरली होती. आणि कॅसेटा? कॅसेटा महाग होत्या. डिस्क घरी पोहोचली, पैसे मिळाले की त्याच कॅसेटवर पुढचे लग्न चढत असे. जवळपास सगळेच स्टुडिओ तसेच करत. म्हणजे मी दाबून, वाटून, तोडून जे डिस्कवर ठेवले तेवढेच लग्न जगात उरले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात होती. पूर ओसरल्यावर महिन्याभराने त्याच लग्नातल्या नवऱ्याची आई मला शोधत आली. स्टुडिओ तोवर बंद झाला होता, मामाही थकला होता. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चार तबकड्या माझ्या हातात दिल्या. दोन लग्नाच्या डीव्हीडी होत्या आणि दोन त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या जुन्या व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर उतरवलेली चित्रफीत.

व्हीसीडी गेल्या होत्या. सीडीत नोंद असलेला थर वरच्या, छापील बाजूला लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. चिखल वाळून तो पापुद्रा उचलला गेला होता आणि त्याच्याबरोबर चांदीसारखा थरही निघाला होता. उजेडासमोर धरल्यावर तबकडीतून खिडकीचे गज दिसत होते. डीव्हीडीत मात्र तो थर प्लास्टिकच्या दोन अर्ध्या-अर्ध्या तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिला आशा असते. मी त्या दोन्ही साध्या पाण्यात ठेवल्या, चिखल आपोआप सुटू दिला, मग जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने मध्यापासून कडेकडे पुसल्या. गोल फिरवून पुसू नये, कारण नोंदीच्या वळणाबरोबर जाणारा ओरखडा दुरुस्त करणे प्लेअरला जमत नाही, आडवा ओरखडा तो पुष्कळदा सांभाळून घेतो.

पहिली डिस्क पूर्ण वाचली गेली. दुसरी अंतरपाटापासून वरातीपर्यंत व्यवस्थित आली आणि कडेजवळ अडकली. ड्राइव्ह गुरगुरत राहिला, थांबला, पुन्हा गुरगुरला. मी मित्राकडून दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह आणला, कारण एकाला न दिसलेले कधी कधी दुसऱ्याला दिसते. त्याने रात्रभर घेऊन आणखी तीन मिनिटे काढून दिली. शेवटची चार मिनिटे काही केल्या आली नाहीत. त्यांत उंबरठ्यावरचे माप ओलांडणे होते आणि नवरीने घेतलेला उखाणा होता. ही चार मिनिटे कड मोकळी सोडली असती तर वाचली असती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “अक्षता हाईत न्हवं?” मी हो म्हणालो.

नवी प्रत करताना वरात संपते तिथेच फाइल थांबवता आली असती आणि कोणाला काही कळले नसते. मी त्या चार मिनिटांच्या जागी तेवढ्याच लांबीचे काळे चित्र ठेवले आणि सुरुवातीला एका ओळीत लिहिले की इथे गृहप्रवेश होता. मग दोन्ही भाग जोडून ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकायला घेतले, तर त्याने फाइल घेतली नाही. जागा भरपूर होती. पण त्यांच्या टीव्हीला वाचता येईल अशा फॅट-३२ पद्धतीने तो तयार केलेला होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही. मी लग्नाची पुन्हा एकदा तोडजोड करायला बसलो. दुसरा भाग एकटाच ४ जीबीच्या वर जात असल्यामुळे वरात वेगळी काढली. पहिली तोड मात्र जिथे होती तिथेच ठेवली. मंडपात लोक जमत आहेत, मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत आहे, आणि दोन माणसे अंतरपाटाची घडी उलगडत पुढे येत आहेत.